घरी जाण्यापूर्वीचा धडा

भोपाळ हे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांना १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरमधली ती काळरात्र आठवते. मी त्या शहरी गेलो तो मात्र अगदी घरगुती कारणाने. माझ्या मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही सगळी भावंडे काका म्हणतो, ते तिथल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात फिटर होते. १९५६ साली स्थापन झालेल्या या उद्योगाने निरनिराळ्या प्रांतांतून माणसे भोपाळला आणली. काका त्यांतलेच एक. नोकरी संपली तरी ते पिपलानीकडेच राहिले. मावशीचे मराठी आता निम्मे हिंदी झाले आहे, पण पोळीला ती अजून पोळीच म्हणते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीचा फोन आला. काकांच्या गुदाशयात कर्करोगाची गाठ निघाली होती. शस्त्रक्रिया झाली होती, गाठ पूर्णपणे काढली होती, आणि शौचाची मूळ वाट कायमची बंद करून मोठ्या आतड्याचे टोक पोटावर डाव्या बाजूला आणून शिवले होते. "अरे, डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण हे जेवतच नाहीत," एवढे बोलून ती रडू लागली. मी दुसऱ्याच दिवशी बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने निघालो.

मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. लहान आतडे, मोठे आतडे, गुदाशय ही नावे झोपेतही सांगेन. परंतु त्या रुग्णालयात काकांच्या खाटेशेजारी बसलो तेव्हा, पोटावर आतड्याचे तोंड घेऊन माणूस घरी जातो तेव्हा त्याला नेमके काय येत असायला हवे, हे मला मुळीच ठाऊक नव्हते. ते मी तिथे तीन दिवसांत शिकलो. विद्यार्थिमित्रांना आणि सहकाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून तो धडा येथे मांडत आहे.

न शिकवलेला धडा

मी पोहोचलो त्या दिवशी डॉक्टर सांगून गेले, "उद्या घरी." काकांनी मान फिरवली. रात्री वॉर्डात दिवे मंद झाल्यावर ते मला हळूच म्हणाले, "मला घरी नेऊ नका. घरात देव आहेत, नातवंडं आहेत. मी खात नाही, कारण खाल्लं की ही भरते." पोटावरच्या पिशवीकडे त्यांनी बोटही केले नाही, नुसती पापणी खाली केली.

सकाळी घरी सोडण्याचा कागद हाती आला. तो इंग्रजीत होता. औषधांच्या यादीखाली 'स्टोमाची काळजी समजावून सांगितली' अशा अर्थाची ओळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण केलेली होती. खरे म्हणजे कोणीही काही समजावले नव्हते. पडदा ओढून वॉर्डबॉय पिशवी बदलून जात असे, आणि त्या वेळी काका डोळे मिटून घेत. मावशी पडद्याबाहेर उभी राही. माझा कोणावर राग नाही. एका परिचारिकेच्या वाट्याला किती खाटा होत्या ते मी पाहिले आहे. परंतु न शिकवलेल्या धड्यापुढे खूण करण्याची सवय आपल्याही व्यवसायात आहे, म्हणून ती गोष्ट मला लागली.

त्याच दिवशी रजेवरून परतलेल्या एक ज्येष्ठ सिस्टर फेरीला आल्या. त्या मूळच्या केरळच्या. त्यांनी काकांचे तसेच राहिलेले ताट पाहिले, कागद पाहिला, आणि काकांना एकच प्रश्न विचारला, "अंकल, आपने इसको देखा है?" काका गप्प. सिस्टर डॉक्टरांशी बोलल्या आणि दोन दिवस वाढवून घेतले. शस्त्रक्रिया पोटाची झाली आहे, पण घरी जायची तयारी हाताची आणि मनाची व्हायची आहे, असे त्यांचे म्हणणे.

हे तोंड म्हणजे काय?

पोटाच्या भिंतीवर शस्त्रक्रियेने केलेल्या अशा तोंडाला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच तोंड असा आहे. मोठ्या आतड्याचे तोंड काढले तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे काढले तर इलिओस्टॉमी, आणि मूत्र बाहेर जाण्यासाठी केलेली ती युरोस्टॉमी. कारण कर्करोगच असते असे मुळीच नाही. गुदद्वार नसलेले मूल जन्माला येते, अपघातात आतडे फाटते, आतड्याला दाह होऊन व्रण पडतात. आपल्या देशात विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला भोक पडूनही अशी वेळ येते. पुष्कळदा हे तोंड तात्पुरते असते आणि काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडून ते बंद करता येते. काकांचे मात्र कायमचे होते.

ही कल्पना नवी नाही. १७१० साली फ्रान्समधील अलेक्सी लित्र यांनी ती सुचविली. १७९३ साली ब्रेस्त येथे ड्युरे नावाच्या शल्यविशारदाने, गुदद्वाराशिवाय जन्मलेल्या ३ दिवसांच्या बालकाच्या पोटावर असे तोंड केले. ते बालक पुढे ४५ वर्षे जगले. लहान आतड्यातून येणारा पातळ, पाचकरसयुक्त मळ कातडी जाळतो. म्हणून १९५२ साली इंग्लंडमध्ये ब्रायन ब्रुक यांनी आतड्याची कड बाहेरच्या बाजूला दुमडून शिवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे तोंड कळीसारखे थोडे वर राहते आणि मळ कातडीवर न ओघळता पिशवीत पडतो.

पिशवीची कथा तर एका बहिणीची आहे. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सेन ही परिचारिका. तिच्या थोरा नावाच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली आणि ती चारचौघांत जायला घाबरू लागली. १९५४ साली एलिसेने कातडीला चिकटणाऱ्या कड्याची, वापरून टाकून देता येणारी पिशवी योजली. त्यापूर्वी लोक कापडी पट्टे, धातूची किंवा रबराची भांडी बांधून दिवस काढीत. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे नॉर्मा गिल या बाईंवर स्वतःवर इलिओस्टॉमी झालेली होती. डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ पासून त्यांना इतर रुग्णांना शिकवण्याच्या कामी घेतले, आणि त्यातून स्टोमा-शुश्रूषेची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. म्हणजे या विद्येची पहिली शिक्षिका स्वतः रुग्णच होती.

पहिला दिवस : पाहणे

सिस्टरांनी पहिल्या दिवशी काहीही करायला लावले नाही. फक्त बघायला लावले. काकांच्या हातात एक लहान आरसा दिला. काकांनी प्रथम आरशाकडे, मग भिंतीकडे, आणि शेवटी खाली पाहिले. "हे तर लाल आहे. जखम आहे का?" त्यांनी विचारले.

जखम नव्हे. आतड्याचे आतले अस्तरच ते. निरोगी स्टोमाचा रंग ओठांच्या आतल्या बाजूसारखा लालसर-गुलाबी आणि पृष्ठभाग ओला असतो. त्याला स्पर्शाची वेदना नसते, कारण कातडीत असतात तसे वेदनेचे मज्जातंतू तिथे नसतात. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरायचे नाही. दात घासताना हिरडीतून येते तसेच ते. त्याला उघडझाप करणारा स्नायू नसल्यामुळे मळ आणि वायू आपल्या इच्छेने रोखता येत नाहीत, आणि म्हणूनच पिशवी लागते. शस्त्रक्रियेनंतर ते सुजलेले असते. ६ ते ८ आठवड्यांत लहान होते.

काकांनी मग दबक्या आवाजात एक शंका विचारली. मूळ जागा बंद केली आहे, तरी शौचाला लागल्यासारखे का वाटते? आपले डोके तर फिरले नाही ना, अशी भीती त्यांना चार दिवस छळत होती. सिस्टर म्हणाल्या, पाय गेलेल्या माणसाला कधीकधी गेलेल्या पायाची बोटे खाजल्यासारखी वाटतात, त्यातलाच हा प्रकार. अवयव गेला तरी मज्जातंतूंना ते लगेच उमगत नाही. हळूहळू ते कमी होते. काकांचा चेहरा त्या एका उत्तराने इतका सैल झाला की त्या दुपारी त्यांनी अर्धी वाटी खिचडी खाल्ली.

दुसरा दिवस : करणे

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या आधी, पिशवी बदलण्याचा पाठ झाला. पोट रिकामे असताना आतडे शांत असते, म्हणून ही वेळ बरी. सिस्टरांनी सर्व साहित्य आधी रांगेने मांडले : कोमट पाणी, मऊ कापड, नवी पिशवी, कात्री, मापाचा कागद, पेन आणि जुनी पिशवी टाकण्यासाठी कागद. एकदा सुरुवात केली की उठून शोधाशोध करायची नाही, हा पहिला नियम.

जुनी चकती वरून खाली, एका हाताने कातडी दाबून धरीत हलकेच सोडवायची, ओरबाडायची नाही. भोवतालची कातडी साध्या कोमट पाण्याने पुसायची. स्पिरिट, जंतुनाशक द्रव, सुगंधी साबण, तेल, मलम यांतले काहीही लावायचे नाही. कातडी पूर्ण कोरडी झाली पाहिजे. मग मापाच्या कागदाने स्टोमाचा आकार मोजायचा आणि चकतीला त्याहून २ ते ३ मिलिमीटर मोठे भोक कापायचे.

इथे काका प्रथमच बोलले. "म्हणजे हे गॅस्केट आहे! भोक मोठं कापलं तर कडेनं गळणार, लहान कापलं तर दाबून कापणार." सिस्टरांना गॅस्केट हा शब्द कळला की नाही कोण जाणे, पण त्यांनी कात्री काकांच्या हातात दिली. यंत्राच्या सांध्यांना गॅस्केट बसवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या हातांनी त्या दिवशी अशी गोल चकती कापली की शेजारच्या खाटेवरचा रुग्णही कौतुकाने पाहू लागला. "पण सूज उतरेल तसं माप बदलेल," काका स्वतःच म्हणाले, "म्हणजे दर आठवड्याला मोजावं लागेल." सिस्टरांना हे सांगावेच लागले नाही.

कापलेली कड बोटाने गुळगुळीत करायची, चकती थोडा वेळ तळहातात धरून कोमट करायची, खालून वर चिकटवत यायची आणि हाताच्या उबेने मिनिटभर दाबून धरायची. पिशवीचे खालचे तोंड चिमट्याने बंद आहे ना, हे शेवटी पाहायचे. पिशवी एकतृतीयांश ते अर्धी भरली की शौचकूपात रिकामी करायची. अधिक भरली की वजनाने चकती ओढली जाते. चकती साधारणपणे ३ ते ५ दिवसांनी बदलायची, पण खाज, आग किंवा गळती जाणवली तर लगेच. वापरलेली पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. शौचकूपात टाकली तर नळ तुंबतो.

सगळे झाल्यावर मी शिक्षकी सवयीने विचारले, "काका, समजलं ना?" सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "सर, 'समझ गये' नहीं पूछना। अंकल, करके दिखाइए।" आणि संध्याकाळी त्यांनी काकांकडून एका जुन्या उशीवर चकती लावण्याचा सगळा क्रम, प्रत्येक पायरीचे कारण सांगत, पुन्हा करून घेतला.

मावशी पदर नाकाशी धरून दारात उभी होती. तिला वाटले होते की हे काम आता जन्मभर तिच्याच वाट्याला येणार. सिस्टर तिला म्हणाल्या, "आधी अंकल शिकतील. तुम्ही नंतर, अडीनडीपुरतं." याचे कारण त्यांनी मला बाहेर सांगितले. घरच्यांनी पहिल्या दिवसापासून सगळे केले की रुग्ण कायमचा परावलंबी होतो आणि घरचे माणूस मनातून खचते. डोळे, हात आणि शुद्ध शाबूत असलेल्या रुग्णाने आपले काम आपण करावे. घरच्यांना ते येत असावे, इतकेच.

तिसरा दिवस : घर

तिसऱ्या दिवशी खाट सोडून बाकावर बसून प्रश्नोत्तरे झाली. मी वहीत लिहून घेतले.

आहार : कोलोस्टॉमी झालेल्याला कायमचे वर्ज्य असे काही नाही. सुरुवातीला थोडे थोडे, वेळेवर, चावून चावून खावे. नवा पदार्थ एका वेळी एकच घ्यावा, म्हणजे कशाने काय होते ते कळते. कोबी, मुळा, कांदा, हरभरा यांनी वायू वाढतो. दही-ताक पुष्कळांना मानवते. भात, केळे, बटाटा यांनी मळ घट्ट होतो. बीट खाल्ल्यावर पिशवीत लाल रंग दिसला तर ते रक्त समजून घाबरू नये. पाणी पुरेसे प्यावे. मुख्य म्हणजे पिशवी भरू नये म्हणून उपाशी राहू नये. आतडे रिकामे असले तरी वायू होतोच, आणि जखम भरायला अन्न लागतेच.

स्नान : पिशवीसह किंवा पिशवी काढून, दोन्ही प्रकारे चालते. पाणी स्टोमातून आत शिरत नाही. जोराची धार मात्र थेट मारू नये.

कपडे : लेंग्याची नाडी किंवा पट्टा स्टोमावर आवळू नये. स्त्रियांनी परकराची गाठ वर किंवा खाली घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला बसवून, उभे करून, वाकवून, तो लुगडे किंवा धोतर कुठे बांधतो हे पाहून स्टोमाची जागा खुणेने ठरवली तर पुढचे निम्मे त्रास टळतात.

श्रम : पहिले ६ ते ८ आठवडे पाण्याची बादली, गॅसची टाकी असले काही उचलू नये, स्टोमाशेजारी अंतर्गळ होण्याचा धोका असतो. खोकताना हाताने पोटाला आधार द्यावा. चालणे मात्र रोज वाढवावे. काकांची बैठकीची जखमही भरायची होती, म्हणून एकाच जागी फार वेळ बसायचे नाही असेही बजावले.

उन्हाळा : भोपाळच्या मे महिन्यात घामाने चकती लवकर सुटते. त्या दिवसांत ती अधिक वेळा बदलावी आणि पिशव्यांचा साठा थंड, कोरड्या जागी ठेवावा; उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये.

प्रवास : एक पूर्ण संच नेहमी हातातल्या पिशवीत असावा, भोके आधीच कापून ठेवलेली असावीत.

दाम्पत्यजीवन : या शस्त्रक्रियेत ओटीपोटातील मज्जातंतूंना इजा होऊन काही अडचणी येऊ शकतात. याबद्दल डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. न विचारल्याने प्रश्न सुटत नाही.

त्वरित रुग्णालयात जाण्याच्या खुणा : स्टोमा जांभळा किंवा काळा पडणे, रक्त न थांबणे, पोट फुगून कळा येणे, वांती होणे आणि पिशवीत काहीच न येणे, आतडे एकदम पुष्कळ बाहेर येणे, ताप येणे किंवा जखमेतून पू येणे. यांतले काहीही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये.

इलिओस्टॉमीची गोष्ट थोडी निराळी, आणि ती सिस्टरांनी शेजारच्या खाटेवरच्या तरुणाला सांगितली तेव्हा मी ऐकली. मोठे आतडे मळातले पाणी आणि मीठ शोषून घेते. तो टप्पाच टळला की दोन्ही बाहेर जातात. म्हणून अशा रुग्णाला जलशोष फार लवकर होतो. दिवसाला दीड-दोन लिटर पातळ मळ जाऊ लागला, तोंड कोरडे पडले, लघवी कमी झाली, चक्कर आली, तर वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने भागत नाही. मीठ आणि साखर दोन्ही असलेले क्षारसंजीवनी द्रावण लागते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या द्रावणाने पटकीच्या रुग्णांचे प्राण वाचवले, त्याचेच तत्त्व इथेही लागू पडते : साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यात शिरते आणि पाणी त्याच्यामागून येते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. इलिओस्टॉमीच्या रुग्णाने मक्याचे कणीस, ओले-सुके खोबरे, शेंगदाणे, फळांच्या जाड साली हे सुरुवातीला टाळावे, कारण त्यांचा बोळा अडकतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या त्याच्या पिशवीत जशाच्या तशा येऊ शकतात, म्हणून प्रत्येक डॉक्टरला आपली इलिओस्टॉमी आहे हे आठवणीने सांगावे. आणि जुलाबाचे औषध त्याने कधीही घेऊ नये.

सर्वांत शेवटी काकांनी तो प्रश्न विचारला, जो माझ्या मते पहिल्या दिवसापासून त्यांच्या घशात अडकला होता. "सिस्टर, मी आता पूजा करू शकतो का?"

सिस्टर स्वतः ख्रिस्ती. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "अंकल, पेट में तो सबके रहता है। पुजारीजी के भी। आपका थैली में है, इतना ही फ़र्क।"

मावशीने पदर नाकावरून काढला. ती म्हणाली, "देवघरातली फुलं गेले पंधरा दिवस मीच वाहतेय. तुमच्यासारखी रांग मला जमत नाही. घरी चला."

घरी गेल्यावर

घरी गेल्यावर सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता चकती सुटली. चादर, गादी सगळे धुवावे लागले. मावशी एक शब्दही बोलली नाही. काका बाथरूममध्ये बराच वेळ बसून राहिले. मला वाटले, झाले, सगळे मुसळ केरात. पण काका बाहेर आले ते कारण शोधून. "संध्याकाळी अंगाला खोबरेल लावलं ना, ते इथपर्यंत ओघळलं. तेलकट जागेवर काही चिकटतं का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाची बाटली कपाटात वर ठेवली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चकती बदलण्याच्या तारखांना निळी खूण करायला सुरुवात केली. हवे असल्यास स्टोमातून ठराविक वेळी पाणी घालून आतडे धुण्याची एक पद्धत असते, ती डाव्या बाजूच्या कोलोस्टॉमीला काही जणांना सोयीची पडते. पण ती डॉक्टरांच्या संमतीने, शिकलेल्या परिचारिकेकडूनच शिकावी, हे सिस्टरांचे वाक्यही त्यांनी तिथेच लिहून ठेवले आहे.

पिशव्यांचा खर्च ही खरी अडचण आहे. तो महिन्यामहिन्याला येतो आणि आयुष्यभर चालतो. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयासारख्या ठिकाणी स्टोमा क्लिनिक आहे, आणि मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांची संघटनाही आहे. परंतु लहान गावच्या माणसाला पिशवी कुठल्या दुकानात मिळते हेदेखील कोणी सांगत नाही. घरी जाण्यापूर्वी त्याच्या हाती तीन गोष्टी असायलाच हव्यात : काही आठवड्यांचा साठा, दुकानाचा पत्ता आणि विचारण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक.

आपल्यासाठी

परतीच्या गाडीत मी माझ्या बावीस वर्षांच्या अध्यापनाचा विचार करीत होतो. तास संपताना मी नेहमी विचारतो, "समजलं?" आणि वर्ग एका आवाजात "हो सर" म्हणतो. मीही मग मनातल्या कागदावर बरोबरची खूण करतो. त्या सिस्टरांनी तीन दिवसांत एकदाही 'समजले का' असे विचारले नाही. त्यांनी आधी भीती विचारली, मग दाखवले, मग करून घेतले, आणि जिथे हात अडखळला तिथूनच पुन्हा शिकवले. या सत्रापासून माझ्या प्रयोगशाळेत मी तसे करून पाहत आहे. वेळ अधिक लागतो, पोर्शन मागे पडतो. पण विच्छेदन करताना कोणाचा हात कुठे थांबतो ते आता मला दिसते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या या सीमाभागात रुग्ण घरी कन्नड बोलतो, शेजारी मराठी बोलतो, आणि रुग्णालयातून मिळणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या शल्यविशारदाच्या आणि परिचारिकेच्या मदतीने, एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला कन्नड, असा एक पानी कागद तयार केला तर? मोठी अक्षरे, चार आकृत्या, धोक्याच्या खुणा आणि दूरध्वनीसाठी एक रिकामी ओळ. मजकूर डॉक्टरांनी तपासलेला हवा, भाषा मात्र आपल्या आजीला कळेल अशी हवी. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र सोबत असतील तर माझी वही मी द्यायला तयार आहे.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला होता. रविवारी ते मावशीला घेऊन बड्या तलावाच्या काठी जाऊन आले. त्याच रुग्णालयात नुकतीच शस्त्रक्रिया झालेला एक शेतकरी जेवत नाही म्हणून सिस्टरांनी काकांना बोलावून घेतले होते. "मी त्याला काही समजावलं नाही रे," काका म्हणाले, "नुसता सदरा वर केला, आणि म्हटलं, बघ. मग कात्री त्याच्या हातात दिली."